अडीच फूट गोडं पाणी

दुर्वाने वहीत टाकी आखलीय:
अडीच फूट लांब, सव्वा रुंद, सव्वा उंच.
खाली लिहिलंय, शंभरेक लिटर.
मी विचारलं, किती किलो मासे बसतील?
ती म्हणाली, आई, हे तोलायचे नाहीत.

बावीस वर्षं देवगडच्या बाजारात बसते मी.
मासा मला कल्ल्यापासून कळतो,
लाल आहे की उतरलाय,
बोट दाबलं तर खड्डा राहतो का.
माझ्या फळीवर सुरमई, सौंदाळा, मुशी
अंगाला अंग लावून पडतात,
कुणाची कुणाबद्दल तक्रार नाही.

जिवंतांचं तसं नसतं म्हणे.
एंजल देखणा, पण वाढला
की निऑन टेट्रा गिळतो, रात्रीत, आवाज न करता.
टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर कुरतडतो.
टेट्रा एकटा झुरतो, रंग सोडतो,
सहा तरी हवेत, आठ बरे.
कोरी तळाशी फिरेल, उरलंसुरलं वेचत.
आणि ज्याच्या तोंडात जो मावतो
तो त्याचा शेजारी नव्हे, जेवण.

दुर्वाने तक्ता केलाय, बरोबरच्या खुणा आणि फुल्या.
मी चष्मा लावून बघत राहिले.
तारींच्या घरात मला आणताना पत्रिका बघितली होती,
छत्तीसातले एकतीस गुण.
तोंड कुणाचं केवढं, ते कुणी मोजलं नव्हतं.

तळाला जांभा. आपलाच,
चिरेखाणीतला चुरा, अकरा बादल्या पाण्यात धुतलेला,
अकराव्या बादलीतही थोडा लाल.
त्यात लोह असतं, मुळांना लागतं.
वर व्हाळातली बारीक वाळू. समुद्राची नको.
शंख-शिंपले तर नकोच नको,
चुना सुटतो, पाणी जड होतं.
मी पुळणीवरून पाच आणले होते,
आतून गुलाबी.
आता खिडकीत आहेत, कोरडे.

लाकूड भाताच्या टोपात तीनदा उकळलं,
पाणी चहासारखं निघालं, टोप अजून तसाच.
मागे वॅलिस्नेरिया, हिरव्या फितींसारखी.
मध्ये क्रिप्टोकोरीन,
तिची बहीण शोभावी अशी पानं
माझ्या माहेरी व्हाळाच्या काठाला फुकट उगवायची,
कुडाळचा डॉमनिक एका मुडीचे दीडशे घेतो.
मी घासाघीस केली. तो हसला,
काकी, तुमच्या पापलेटात मी कधी केली का?

झाडं लावून झाली. दिवा लावला. पंप घुरघुरला.
आता मासे?
आता नाही, दुर्वा म्हणाली, पाणी मुरायला हवं.
पाच आठवडे. सहासुद्धा.
डोळ्यांना न दिसणारं काहीतरी
वाळूत, स्पंजात घर करतं,
ते आल्याशिवाय माशांना बोलवायचं नाही.

शेवंताकाकी दारातूनच ओरडते,
काय गो, मासो खंय?
येतलो, मी म्हणते.
खवळली तर आतच येते, काचेला नाक लावते,
नुसत्या पाण्याक लाईट जाळतास?

बाजारातून आले की हात धुते,
आमसुलाने, मग लिंबाने, मग राखेने.
तरी टाकीत हात घालायची मला परवानगी नाही.
मी स्टूल ओढून बसते.
पान हलतं. बुडबुडे वर जातात, फुटतात.
इतकं पाणी आणि मरायला कुणी नाही,
असं याआधी कधी बघितलं नव्हतं मी.

काल झोपायच्या आधी दिवा बंद करताना
पानाच्या मागच्या बाजूला दिसली,
मोहरीएवढी गोगलगाय.
डॉमनिकच्या मुडीतून आली असणार.
यादीत नाही, तक्त्यात तिला रकाना नाही.
निम्मं पान चढून गेली होती.

दुर्वाला अजून सांगितलेलं नाही.